पान लावलेली नळी

खुरासणी फुलली की मला आधी खरखर ऐकू येते आणि मग पिवळा रंग दिसतो. असं उलटं का होतं ते मला नीट सांगता येणार नाही. काल जामसरच्या बाजूला फाट्यावर एसटीतून उतरले, पाड्याकडे चालू लागले, तर उतारावर सगळी खुरासणी, म्हणजे कारळं, फुललेली होती. पण तिच्याकडे बघायच्या आधी मी थांबून कान दिला. पहिलंच घर जनीकाकीचं. तिच्या अंगणातल्या खाटेवर रेडिओ लावलेला होता. कुठलंही स्टेशन नाही, गाणं नाही, बातम्या नाहीत. दोन स्टेशनांच्या मधली नुसती खरखर, आणि तिच्यात अधूनमधून एक कडक टिचकी.

"आलीस का?" जनीकाकी विळा पुसता पुसता म्हणाली. "बस, पाणी घे. आज भात कापू का नको, ते सांग आधी."

मी पिशवी खाली ठेवली आणि घड्याळ बघून पाच मिनिटं टिचक्या मोजल्या. अकरा झाल्या. "काप," मी म्हटलं. "पाऊस लांब आहे."

"मी पण तेच म्हटला," ती म्हणाली आणि शेताकडे निघाली. म्हणजे मला विचारलं ते नुसतं माझ्या मानासाठी.

मी आता शहरात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. तिथे मुली विचारतात, तुमच्याकडे आश्विनात काय असतं? मी सांगते, लवकर पिकणारं हळवं भात कापायला येतं, नागली म्हणजे नाचणी भरते, भोपळ्याचा तारपा वाजतो. एवढ्यावर थांबते. खरखरीचं सांगायला गेले तर फार मागून सुरुवात करावी लागते. म्हणून ते आज इथे लिहून ठेवते आहे. मला ललित लिहायची सवय नाही. प्रयोगाच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती असं लिहायची सवय आहे. तेव्हा काही चुकलं तर समजून घ्यावं.

मागच्या आश्विनात मी जव्हारच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्हाला प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. ज्याचा सगळ्यात चांगला होईल त्याला उन्हाळ्यात दोन महिने एका मोठ्या संशोधन केंद्रात जाऊन काम करायला मिळणार होतं. समुद्राकाठी कुठेतरी ते केंद्र होतं आणि तिथे म्हणे घराएवढ्या थाळीसारखा अँटेना होता. मला तो बघायचा होता. इतका बघायचा होता की मी ते कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रश्न पडला तरी हात वर करायचे नाही, कारण आधी मनात वाक्य जुळवावं लागायचं आणि ते जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे.

प्रकल्पाचा विषय मात्र मीच सांगितला. सरांना म्हटलं, "सर, आमच्या पाड्यावर पूर्वी एक बाई आल्या होत्या. त्या रेडिओवर वीज ऐकायच्या. तसं काही करता येईल का?"

सर खुर्चीतून पुढे झाले. "कोणत्या बाई?"

मला नाव माहीत नव्हतं. पाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारी माणसं त्यांना तारवाली बाई म्हणतात. सरांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. त्यावर एका बाईंचा फोटो होता. जाड चष्मा, नऊवारी पातळ, आणि मांडीवर एक उघडं यंत्र, त्याच्या तारा साडीवर लोंबलेल्या. ते पुस्तक मी एसटीत वाचायला घेतलं आणि माझा फाटा मागे पडला तरी मला कळलं नाही. मग तिथून उलटी चालत आले.

कोकणातल्या एका लहान बंदरावर त्यांचे वडील तारमास्तर होते. तारेच्या ऑफिसात बसून ही मुलगी कडकट्ट ऐकायची. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी कुणीही तार पाठवत नसताना यंत्र आपोआप टिचक्या मारायचं. वडील म्हणायचे, तो कचरा आहे, लक्ष देऊ नको. मुलीने लक्ष दिलं. कधी जास्त वाजतं, कधी कमी, ते तिने पाटीवर लिहून ठेवलं आणि तिला कळलं की कचरा आधी येतो, मग दोन-तीन तासांनी ढग दिसतात. पुढे त्या शिकायला मुंबईला गेल्या. वर्गात एकट्याच मुलगी, म्हणून त्यांचा बाक भिंतीला लावून वेगळा ठेवलेला. त्यांनी लिहिलंय की भिंतीजवळ बसल्यामुळे त्यांना पंख्याचा आवाज कमी यायचा आणि शिकवलेलं जास्त ऐकू यायचं. हे वाचून मी पुढच्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसले. का, ते माझं मलाही कळलं नाही.

भंगारवाल्याकडे लष्कराची मोडकी यंत्रं यायची. ती आणून बाईंनी स्वतःचा रेडिओ बांधला. आपल्या डोक्यावर खूप उंच, ढगांच्याही पुष्कळ वर, विजेने भारलेल्या हवेचा एक थर आहे. पुस्तकात त्याला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लहरी त्यावर आपटून परत खाली येतात, म्हणून शेकडो मैलांवरचं स्टेशन आपल्याला ऐकू येतं. आणि शेकडो मैलांवर चमकलेली वीजसुद्धा. तो थर सकाळी कसा असतो, दुपारी कसा, सूर्य बुडताना कसा, हे आपल्या देशात ज्यांनी पहिल्यांदा मोजलं त्यांत या बाई होत्या. बाकीचे लोक रेडिओतली खरखर गाळून टाकायची कशी यावर डोकं लावत होते. बाई म्हणाल्या, गाळू नका, मोजा. त्या परदेशात शिकून आल्या, येताना एका पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये काचेचे व्हॉल्व्ह गुंडाळून घेऊन आल्या. कपडे वाटेत हरवले असते तर चाललं असतं, असं त्यांनी लिहिलंय.

आणि मग ते वाक्य आलं. "जव्हारच्या पठारावर आम्ही एक हंगाम काढला, कारण तिथे वीज नव्हती."

मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "वीज नव्हती म्हणून कोण येतं? वीज नाही म्हणून लोक जातात."

तेच तर. विजेच्या तारा, मोटारी, कारखाने यांचा आवाज रेडिओत घुसतो. बाईंना अशी जागा हवी होती जिथे आकाशाशिवाय काहीच बोलत नसेल. त्या वेळी आमच्याकडे डांबरी रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळा दूर होती. जे जे नव्हतं त्याची यादी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या नसण्यासाठीच कुणीतरी एवढी शिकलेली बाई जीप घेऊन, नदी उतरून, आमच्या मोहाच्या दोन झाडांना तार बांधायला आली होती. मला ते वाचून ताठ बसावंसं वाटलं.

ती तार ज्या माणसाने ऐकली तो माझा आजा. तेव्हा तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. बाईंनी पाड्यावर येऊन विचारलं होतं, इथे सगळ्यात चांगले कान कुणाचे? लोकांनी आजाकडे बोट दाखवलं, कारण तो तारपा वाजवायचा आणि दुसऱ्या पाड्यावरचा तारपा ऐकून भोपळ्याला चीर गेलीय का नाही ते सांगायचा. आजाला लिहिता-वाचता येत नव्हतं. अजूनही येत नाही. तरी बाईंनी त्यालाच यंत्रावर बसवलं. सकाळी, दुपारी, सूर्य बुडताना. कानाला लावायचं, वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत प्रत्येक टिचकीला एक चिंचोका टोपलीतून उचलून बांबूच्या नळीत टाकायचा. दिवसाला तीन नळ्या. त्या आढ्याला ओळीने टांगायच्या. आठ दिवसांनी जीप यायची, बाईंचे मदतनीस चिंचोके मोजून आकडे लिहायचे आणि नळ्या रिकाम्या करून परत द्यायचे.

हे सगळं आजा हसत सांगायचा. बाईला तो 'तू' म्हणायचा, हे तर त्याचं आवडतं. मदतनीस त्याला ओरडले, "अरे, मोठ्या प्रोफेसर आहेत त्या. तुम्ही म्हण." आजाने विचारलं, "एकटी तर आली. तुम्ही कसा म्हणू?" आमच्या घरच्या बोलीत मोठ्यालाही तूच. बाई म्हणाल्या, राहू द्या. मग त्याही त्याला तू म्हणू लागल्या आणि हिशेब बरोबर झाला, असं आजाचं म्हणणं.

माझा प्रकल्प तोच. तीच जागा, तोच महिना, त्याच तीन वेळा. फक्त चिंचोक्यांऐवजी वही आणि बाईंच्या यंत्राऐवजी बाजारातून घेतलेला साधा रेडिओ. सरांनी महिनाभर घरी राहायची मुभा दिली होती, पण बजावलं होतं, सलग तीस दिवसांच्या नोंदी पाहिजेत, एकही दिवस सुटता कामा नये, ती अटच आहे.

पहिल्याच दिवशी कळलं की आता पाड्यावर वीज आहे. रेडिओ लावला तर त्यात एकसारखी भुणभुण. मोबाईलचे चार्जर, दिवे, टीव्ही, सगळे एकदम बोलत होते. आकाश त्यांच्या खाली दबलं होतं. मग मी घरोघरी जाऊन विनंती केली की दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं सगळं बंद ठेवा. मला बोलायला जमत नाही, म्हणून काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. पहिल्याच घरी जनीकाकीने कागद हातातून घेतला आणि म्हणाली, "वाचू नको, सांग."

मी सांगितलं.

"म्हणजे तुझ्या रेडिओपायी माझा मोबाईल उपाशी."

"पाचच मिनिटं, काकी."

"आणि मालिका?"

"मालिका तेव्हा नसते. मी बघून आले."

ती हसली आणि तिनेच मग सगळ्या पाड्याला शिस्त लावली. वेळ झाली की ताटावर पळी वाजवायची आणि ओरडायची, "बंद करा रे, पोरीचा आकाश बोलतोय." एका वेळी वीस-बावीस घरं गप्प व्हायची. त्या पाच मिनिटांत जी शांतता असायची ती मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी ऐकली नाही. मग ती भुणभुण जाऊन खाली दबलेली टिचकी वर यायची. तापल्या खापरीत नागलीचे दाणे उडावेत तशी. मोखाड्याच्या पलीकडे, घाटावर कुठेतरी, मला न दिसणाऱ्या ढगात वीज चमकायची आणि ती इथे माझ्या वहीत एक रेघ होऊन पडायची.

दहा-बारा दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की दुपारी रेघा जास्त झाल्या की संध्याकाळी पाऊस येतो. कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं असायचं, परतीच्या पावसाने भिजलं की दाण्याला कोंब यायचे. म्हणून मग लोक विचारू लागले, आज काय म्हणतो रेडिओ? मी म्हणायचे, हे हवामान सांगायचं यंत्र नाही, नुसता प्रकल्प आहे. कुणी ऐकायचं नाही. एकदा टिचक्या फार झाल्या म्हणून लोकांनी घाईघाईने भारे बांधून खळ्यावर आणले आणि एक थेंब पडला नाही. दोन दिवस मला वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "तुझी रेडिओतली बाई आज जेवायला गेली होती का?" पण तिसऱ्या दिवशी पाऊस आला तेव्हा आमच्या पाड्याची एकही पेंढी भिजली नाही. खालच्या पाड्याच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून विचारलं, तुम्हाला कसं कळलं? जनीकाकीने त्याला सांगितलं, "आमची पोरगी शिकते."

एवढ्याशा वाक्याने मी किती दिवस जगले ते सांगत नाही.

आणि मग नव्याचा दिवस आला. आमच्याकडे नवीन भात कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. त्या दिवशी विळे, कोयते, सूप, टोपली, ज्यांनी ज्यांनी पिकासाठी काम केलं ती सगळी धुऊन देवीपुढे ठेवतात. त्यांना कुंकू लावतात, वर नवे दाणे टाकतात. दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तो त्यांचा विसाव्याचा दिवस.

माझा तो बाविसावा दिवस होता. पहाटे मी आईबरोबर देवीसाठी कणसं आणायला शेतात गेले. सकाळच्या नोंदीच्या वेळेला परत आले तर ओटीवर रेडिओ नव्हता. आत गेले. देवीपुढे विळ्याच्या आणि सुपाच्या मध्ये तो बसलेला होता. आवाजाच्या बटणावर कुंकवाचं बोट, वर चिमूटभर भात. आजाने सेल काढून वाटीत ठेवले होते.

मी हात पुढे केला. आईने मागून मनगट धरलं. "आता नाही. उद्या."

"आई, अगं आठ दिवसच राहिलेत."

"दिलेलं परत घेतात का?"

आजा कोपऱ्यात बसला होता. पांढरा सदरा घातलेला, अंघोळ केलेली, खूश दिसत होता. मी त्याला म्हणाले, आणि फार मोठ्याने म्हणाले, "आजा, विचारायचं तरी. माझा सगळा दिवस गेला. एका दिवसाने सगळं वाया गेलं."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला आजही लिहिता येत नाही. तो उठला आणि अंगणात जाऊन मोहाच्या झाडाखाली बसला. मी थोड्या वेळाने मागे गेले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईचा पण असाच दिवस मी खाल्ला."

हा भाग त्याने कुणालाच सांगितला नव्हता. आजीलाही नाही. त्या वर्षी नव्याच्या दिवशी त्याने बाईंचं यंत्र देवीपुढे ठेवलं होतं. "मना वाटला, ह्यानं पण भात राखला. पाऊस येतो ते ह्यानं सांगितला, आम्ही भारे आणले. मग विळ्याला इसावा आणि ह्याला का नाय?" त्याने तार सोडली, यंत्राला कुंकू लावलं. संध्याकाळी आढ्याकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की आजच्या नळ्यांचं काय करायचं. टांगल्या नाहीत तर ओळ चुकेल, पुढचा दिवस मागे येईल. रिकाम्या टांगल्या तर मदतनीस लिहितील, शून्य. "पण शून्य नव्हता. आकाश बोलला असेल. मीच ऐकला नाय." म्हणून त्याने तिन्ही रिकाम्या नळ्यांच्या तोंडाला सागाचं पान बांधलं आणि त्या ओळीत टांगल्या.

जीप आली. मदतनीस पान बघून वैतागले. नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणीही मोजणी झाली होती आणि तिन्हींची तुलना करायची होती. ते बाईंना म्हणाले, आदल्या आणि पुढच्या दिवसाच्या मधला आकडा टाकून देऊ. बाईंनी आजाला विचारलं, "हे पान काय?" त्याने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. तिन्ही नळ्या पानासकट स्वतःच्या पिशवीत घातल्या आणि जीपमध्ये बसल्या. महिना संपला, यंत्र नेलं, आणि पुढच्या आश्विनात बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"माझ्यापायी बंद झाला त्यांचा काम," आजा म्हणाला. पन्नास वर्षं तो हे घेऊन बसला होता. आणि मी त्याला सकाळी तेच वाक्य ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर आजानेच सेल घातले आणि रेडिओ माझ्या हातात दिला. मी उरलेले आठ दिवस पूर्ण केले. आमचं बोलणं चालू होतं, जेवण चालू होतं, पण नोंदीच्या वेळी तो पूर्वी माझ्याशेजारी येऊन बसायचा, ते बंद झालं.

कॉलेजात गेल्यावर मैत्रिणीने, मनीषाने, माझी वही बघितली. "एकच दिवस ना? बसव की रीडिंग. एकवीसचं आणि तेवीसचं घे, मधलं काढ. कोण बघतंय?" ती वाईट मुलगी नाही. आम्ही सगळेच प्रयोगाचं उत्तर आधी बघून रीडिंग बसवत आलो होतो. मी पेन्सिलने तिथे तीन आकडे लिहिलेसुद्धा. फार खरे दिसत होते ते.

पण मला त्याआधी बाईंचा मूळ अहवाल बघायचा होता. सरांना म्हटलं, जव्हारच्या नोंदींचा तक्ता कुठे मिळेल? सरांचा एक वर्गमित्र शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात होता. पंधरा दिवसांनी पाकिटातून पानांच्या झेरॉक्स आल्या. सगळं इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन बसले. तक्त्यात जव्हारची ओळ सापडली. आकडे, आकडे, आकडे. माझ्या आजाच्या चिंचोक्यांचे आकडे. आणि मध्ये एका दिवसापुढे तीन रकान्यांत आकडा नव्हता. प्रत्येक रकान्यात एक छोटंसं चित्र होतं. आधी मला वाटलं शाईचा डाग आहे. डोळ्यांजवळ नेलं. देठ होतं, मधली शीर होती.

तळाशी बारीक अक्षरात टीप होती. मी ती पाच वेळा वाचली, मग सरांकडून वाचून घेतली, कारण मला माझ्या इंग्रजीवर भरवसा नव्हता. या चिन्हाचा अर्थ शून्य नव्हे, असं तिथे लिहिलं होतं. इथे निरीक्षण झालेलं नाही. न ऐकलेलं आणि न झालेलं यांत फरक करण्याची ही पद्धत मी जव्हारच्या पठारावरील निरीक्षकाकडून शिकले आणि माझ्या सर्व तक्त्यांत वापरते. पुढच्या परिच्छेदात होतं की त्या भागातल्या रस्त्याला विजेचे खांब येऊ लागल्याने पुढच्या वर्षी केंद्र दुसऱ्या डोंगरात हलवावं लागलं. खांब रस्त्याने पुढे गेले. आमच्या पाड्यात वीज यायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "बाईंच्या नंतरच्या सगळ्या तक्त्यांत हे पान आहे. आम्ही विद्यार्थी असताना ते बघायचो. आम्हाला वाटायचं, छापखान्याची नक्षी असेल."

मी ती झेरॉक्स घेऊन घरी आले तेव्हा सकाळ होती आणि आजा अंगणात बांबूच्या बेळ्या, म्हणजे विणायच्या पट्ट्या, तासत बसला होता. मी त्याच्यासमोर कागद पसरला. वाचून दाखवणार होते, मराठीत करून. पण त्याने हाताने थांब म्हटलं. हात धोतराला पुसले. कागदावर वाकला. त्याच्यासाठी तिथे नुसत्या मुंग्यांच्या रांगा होत्या. त्याचं बोट हळूहळू त्या रांगांवरून खाली येत गेलं, आणि मी काही दाखवायच्या आधी एका जागी थांबलं.

"ह्या माझा पान."

"हो आजा."

"बाईनं फेकला नाय?"

"नाही. तिने ते पुस्तकात घातलं."

मग मी त्याला टीप सांगितली. विजेच्या खांबांचंही सांगितलं. तो ऐकत होता, पण बोट तिथेच होतं. नंतर ते पुढे सरकलं. तक्त्यात खाली दुसऱ्या ओळींतही कुठे कुठे पानं होती. एक इथे, दोन तिथे. त्याने विचारलं, "ही माझी नाय. कोणाची?"

"दुसऱ्या गावांची. तिथले लोक पण मोजायचे. कुणी आजारी पडलं असेल, कुणाची तार तुटली असेल."

त्याने ती सगळी पानं बोटाने मोजली. "म्हणजे ते पण खोटा नाय बोलले," तो म्हणाला आणि परत बेळ्या तासायला लागला. जरा वेळाने मला म्हणाला, "तुझ्या वहीत काय लिवला त्या दिवशी?"

पेन्सिलचे तीन आकडे होते तिथे. मी घरात जाऊन खोडरबर शोधला.

सरांनी प्रकल्प बघितला तेव्हा ते म्हणाले, "सलग तीसची अट आहे, तुला माहीत आहे. हे असं पाठवलं तर पुढे जाणार नाही." मी म्हटलं, माहीत आहे. माझं वाक्य तेव्हा आपोआप जुळलं, मनात बसवावं लागलं नाही. ते एकदम म्हणाले नाहीत की बरोबर केलंस. त्यांनी पानावर बोट ठेवून एवढंच विचारलं, "देठ इकडे का? बाईंचं उजवीकडे होतं." मी म्हटलं, "सर, आजाने काढलंय."

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या मुलीचा प्रकल्प गेला. चांगला होता तो. तिने परत येऊन त्या घराएवढ्या अँटेनाचा फोटो मला पाठवला आणि मी तो बराच वेळ बघितला. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ते दोन महिने मी शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यात आणि प्रवेशाचे अर्ज भरण्यात काढले. कॉलेजात काही दिवस मुलं मला पानवाली म्हणत होती. कुणी तशी हाक मारली की मी ओ द्यायचे.

पण एक गोष्ट मला त्या अँटेनाखाली उभं राहून मिळाली नसती. पुस्तकांत शास्त्राची जी वाट दाखवतात ती नेहमी दुरून आमच्याकडे येते. शहरातून खेड्याकडे, शिकलेल्याकडून न शिकलेल्याकडे. बाईंच्या तक्त्यात ती एका जागी उलटी गेली आहे. आमच्या आढ्यावरून, एका सागाच्या पानावरून, मोठ्या ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत. तिथे आजाचं नाव नाही. नुसतं 'निरीक्षक' आहे. मी तो शब्द आजाला समजावून सांगितला तेव्हा त्याने तो दोनदा म्हणून बघितला. आता कुणी पाहुणा आला की तो आपली ओळख करून देतो, मी शेती करतो, तारपा वाजवतो आणि निरीक्षक आहे.

या वर्षी मी मुद्दाम आश्विनात सुट्टी काढून आले. नोंदी चालूच आहेत. मी नसते तेव्हा जनीकाकी मोजते, चिंचोके टाकून, आणि तिची मुलगी मला फोनवर आकडे सांगते. आज दुपारी ताटावर पळी वाजली, पाडा गप्प झाला, आणि आजा माझ्याशेजारी येऊन बसला. त्याला आता टिचक्या नीट ऐकू येत नाहीत. तो माझ्या पेन्सिलकडे बघून डोकं हलवत होता. घाटाकडे आकाश मोकळं होतं. उतारावर खुरासणी नुसती हलत होती.

उद्या नव्याचा दिवस आहे. रेडिओ मीच पुसून ठेवला आहे, सेल वाटीत काढले आहेत. वहीत उद्याची तारीख घातली आणि पुढे तीन रकाने आखून वही आजाकडे दिली. त्याने जिभेने पेन्सिल ओली केली आणि तीन पानं काढली, देठ डावीकडे. उद्याची नोंद त्याला वाचता येईल.